यवतमाळ जिल्ह्यांतील बांधकाम आणि पूर्वघडित काँक्रीट

१

सनदा, महजर, शिलालेख आणि कैफियती यांचा शोध आमच्या वऱ्हाड प्रांतांत पुष्कळ वर्षें चालूं आहे. खुद्द यवतमाळांत कै. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं उभारलेल्या शारदाश्रमानें जुन्या हस्तलिखितांचा संग्रह करून या कार्यास मोठा हातभार लाविला. परंतु ज्या भिंतींच्या आश्रयानें हे कागद टिकले त्या भिंतींचा, ज्या मोऱ्यांवरून कापसाच्या गाड्या बाजारास गेल्या त्या मोऱ्यांचा आणि ज्या विहिरींच्या पाण्यावर गांवें जगलीं त्या विहिरींच्या बांधणीचा इतिहास अद्याप लिहिला गेला नाहीं. राजे कोण होते हें आम्हांस ठाऊक आहे. घर कसें बांधीत असत हें मात्र अजून गवंड्यास विचारावें लागतें, आणि सांगणारा गवंडीहि आतां दुर्मिळ होत चालला आहे.

प्रस्तुत लेखांत आम्ही या विस्तीर्ण विषयाच्या एका अंगाचा विचार करणार आहों. तें अंग म्हणजे पूर्वघडित काँक्रीट. बांधकामाच्या जागीं साचे उभारून त्यांत काँक्रीट ओतण्याऐवजीं तें अन्यत्र, कारखान्यांत किंवा आवारांत, ओतावें. पाणी देऊन पक्व करावें. आणि तयार झालेला घटक जागेवर आणून जोडावा, ही ती पद्धति होय. बाजारांत हिला 'प्रीकास्ट' म्हणतात आणि खेड्यांतून 'रेडीमेड' या शब्दानें तिचें काम भागतें.

या पद्धतीविषयीं दोन मतें आमच्या कानांवर वारंवार येतात. कित्येक म्हणतात कीं, ही सर्वस्वीं परदेशी विद्या असून आमच्या भूमींत तिला मूळ नाहीं. उलट कित्येक स्वाभिमानी गृहस्थ हेमाडपंती देवालयांकडे बोट दाखवून, हें सारें आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें, असें ठांसून सांगतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धें सत्य बोलतात. आणि अर्धें सत्य हें इतिहासांत असत्याहून अधिक अडचणीचें असतें.

२

प्रथम भूमीचा विचार करूं. आजचा यवतमाळ जिल्हा इंग्रजी अमदानींत बरींच वर्षें वणी या नांवानें ओळखला जात असे. इ. स. १९०५ मध्यें वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हां वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडण्यांत आला व जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टाचा आहे. वणी, मारेगांव व झरी-जामणी या आग्नेयेकडील तालुक्यांत मात्र या कातळाहून प्राचीन असे चुनखडीचे थर आणि दगडी कोळसा सांपडतो. कातळ झिजून जी काळी कापसाची जमीन झाली तिचा गुण असा कीं, पावसाळ्यांत ती फुगते व उन्हाळ्यांत तिला हातभर खोल भेगा पडतात. जी जमीन कापसास सोन्यासारखी, तीच घराच्या पायास वैरीण. जिल्ह्याच्या बांधकामाचा इतिहास हा कातळ, चुनखडी व काळी माती या तिहींच्या परस्परसंबंधाचा इतिहास आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

कातळाच्या बांधणीचा उत्कृष्ट नमुना म्हणजे हेमाडपंती देवालयें. वऱ्हाडांत लोणारचें दैत्यसूदनाचें देवालय प्रसिद्धच आहे, व याच घडणीचीं लहानमोठीं देवालयें यवतमाळ जिल्ह्यांतहि आहेत. हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. त्याच्या नांवावर मोडणारीं पुष्कळ देवालयें त्याच्याहि पूर्वींचीं आहेत हें संशोधकांनीं केव्हांच दाखविलें आहे; तेव्हां हें नांव एका पुरुषाचें न मानतां एका पद्धतीचें मानावें हें बरें. या पद्धतींत दरजा चुन्यानें भरीत नसत. प्रत्येक चिरा त्याच्या नेमक्या जागेसाठीं घडवावयाचा, त्यास खांचा व उंचवटे ठेवावयाचे, आणि मग एकावर एक बसवून त्यांच्या भारानेंच इमारत उभी ठेवावयाची, असा तो क्रम होता.

येथें घडविण्याचें काम व जोडण्याचें काम हीं भिन्न झालीं, हें खरें; आणि पूर्वघडित पद्धतीचें मर्म याच भेदांत आहे, हेंहि खरें. परंतु साम्य येथेंच संपतें. पाथरवटाचा प्रत्येक चिरा एकुलता एक असे. काँक्रीटचा घटक एकाच साच्यांतून शेंकडों वेळां निघतो. चिऱ्यास केवळ दाब सहन करतां येतो. काँक्रीटच्या पोटांत पोलाद असल्यामुळें तो ताणहि सहन करतो. म्हणून हेमाडपंती देवालयास प्रीकास्टचा पूर्वज म्हणणें चुकीचें होय. फार तर, सांधा हेंच बांधकामाचें मर्मस्थान आहे ही जाणीव आमच्या कारागिरांस प्राचीन काळापासून होती, इतकेंच म्हणतां येईल. ही गोष्ट लहान नव्हे, हें पुढें दिसून येईल.

दुसरा दाखला लांकडाचा. जिल्ह्यांत सागवान विपुल. जुन्या वाड्यांचे खांब, तुळया व कडीपाट सुतार खालीं जमिनीवर तासून, एकाचें टोंक दुसऱ्याच्या खांचेंत बसेल अशा बेतानें घडवून, मग उभे करीत. भिंती मातीच्या व छप्पर कवेलूंचें. भार मात्र लांकडी चौकटीवर. काळ्या जमिनीनें भिंत फाटली तरी चौकट तग धरी. ज्यास ऐपत असे तो चुना वापरी. वणीजवळील राजूर येथील चुन्याच्या भट्ट्या प्रसिद्ध आहेत. भट्टींतून निघालेला चुना विरवून, वाळूसह घाणींत बैलांकरवीं दळून, मग गवंड्याच्या थापीवर येई. या कामास महिने लागत, आणि घाईस तेथें जागा नसे.

३

या जगांत सिमेंटचा प्रवेश उशिरां झाला. पोर्टलंड सिमेंटचा हक्क जोसेफ ॲस्पडिन यानें इंग्लंडांत १८२४ सालीं मिळविला. पुढें फ्रान्सांत जोसेफ मोनिए या बागवानानें १८६७ सालीं तारांचें जाळें घातलेल्या कुंड्या-टांक्यांचा हक्क घेतला. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, पोलादयुक्त काँक्रीटचा जन्मच पूर्वघडित वस्तूंच्या रूपानें झाला. जागेवर ओतलेले खांब व तुळया मागाहून आल्या. लिव्हरपूल शहराचे अभियंते जॉन ब्रॉडी यांनीं १९०५ च्या सुमारास काँक्रीटच्या तयार फलकांचीं मजूरवर्गासाठीं घरें उभारलीं. हिंदुस्थानांत सिमेंट करण्याचा पहिला उद्योग १९०४ सालीं मद्रासेस झाला. यशस्वी उत्पादन १९१४ सालीं पोरबंदरास सुरू झालें. आणि १९३६ सालीं अनेक कंपन्या एकत्र होऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी स्थापन झाली.

याच सुमारास यवतमाळास रूळ पोंचले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थेखालीं मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फुटी मार्ग घालण्यांत आला. लोकांनीं पुढें या गाडीस 'शकुंतला' असें लाडकें नांव दिलें. तिचा हेतु एकच, येथील कापूस मुंबईच्या मोठ्या मार्गास पोंचविणें. कापूस गेला तसें परतीच्या वाटेनें लोखंड, पत्रा, कौल व सिमेंट हें बाहेरचें सामान जिल्ह्यांत येण्यासहि मार्ग मोकळा झाला.

परंतु खेड्यापर्यंत जो पहिला पूर्वघडित घटक पोंचला तो घर नव्हे, खांबहि नव्हे. तो नळा होय. ऑस्ट्रेलियांतील वॉल्टर ह्यूम यानें १९१० सालीं एक युक्ति शोधून काढली. पोलादी सळयांचा पिंजरा साच्यांत ठेवावयाचा, साचा आडवा धरून वेगानें फिरवावयाचा, व फिरतां फिरतां आंत काँक्रीट सोडावयाचें. फिरण्याच्या जोरानें काँक्रीट साच्याच्या भिंतीस घट्ट दाबलें जातें, अधिक झालेलें पाणी आंतल्या बाजूनें निघून जातें, आणि हातानें ठोकून कधींहि साधणार नाहीं असा दाट नळा तयार होतो. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं ही कृति हेरून १९२६ सालीं इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन केली. त्याच वर्षीं त्यांची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीहि निघाली. महाराष्ट्रांतील पूर्वघडित काँक्रीटच्या उद्योगाचा आरंभ शोधावयाचा तर या सालापासूनच मोजावा लागेल, असें आमचें मत आहे. ऑस्ट्रेलियांतील माणसाचें आडनांव वऱ्हाडी शेतकऱ्याच्या तोंडीं 'हुमपाइप' होऊन बसलें; तें माणसाचें नांव आहे याची आठवणहि आतां कोणास नाहीं. उद्योगाचा विजय याहून निराळा तो काय असावा !

यवतमाळासारख्या जिल्ह्यास नळ्याचें महत्त्व कां, हें पावसाळ्यांत ज्यानें पांदण रस्ता तुडविला आहे त्यास सांगावयास नको. काळ्या जमिनींतून जाणाऱ्या रस्त्यास दर फर्लांगास ओघळ आडवा येतो. दगडी कमानीची मोरी बांधावयाची तर चुना, घडीव दगड, लांकडी आधार व कुशल गवंडी हें सारें हवें, आणि पावसाळ्यापूर्वीं काम पुरें व्हावयास हवें. नळा मात्र तयारच येतो. खांच खणून, तळ ठोकून, ओळीनें बसवून, सांध्यांत गिलावा भरून वरती भराव टाकला कीं मोरी झाली. भार कमी असेल तेथें हलक्या वर्गाचा नळा व हमरस्त्याखालीं जाड वर्गाचा, असा भेद सरकारी मानकांत केलेला आहे, व 'एनपी-३' हे शब्द आतां तालुक्याच्या प्रत्येक ठेकेदारास मुखोद्गत आहेत. विहिरीचीं काँक्रीटचीं कडीं, विजेचे सिमेंटी खांब, कुंपणाचे खांब व फळ्या, गुरांच्या पाण्याचीं टांकीं हीं नळ्याचींच धाकटीं भावंडें होत.

४

पूर्वघडित काँक्रीटच्या इतिहासांतील दुसरा टप्पा पूर्वताणाचा. काँक्रीट दाबास बळकट पण ताणास दुबळें. यास्तव आंतील पोलादी तारा आधींच ताणून धरून, काँक्रीट पक्व झाल्यावर सोडाव्या, म्हणजे त्या त्यास कायमचें आवळून धरितात. फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने यानें १९२८ सालीं या कल्पनेचा हक्क घेतला. रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर हें या तत्त्वाचें आम्हां सर्वांच्या पाहण्यांतलें उदाहरण. पूर्वीं रुळांखालीं लांकडाचे वा लोखंडाचे स्लीपर असत. एकेका काँक्रीट स्लीपराचें वजन अडीचशें किलोंहून अधिक भरतें, व त्यामुळें वेगाच्या गाडीखालीं मार्ग हालत नाहीं.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटर लांबीचा रुंद मार्ग २००८-०९ च्या सुमारास मंजूर झाला. त्यापैकीं वर्धा ते कळंब हा भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं यवतमाळ येथें झालेल्या समारंभांत वाहतुकीस खुला करण्यांत आला. रुंद मार्गास किलोमीटरामागें १,६६० स्लीपर हें प्रचलित प्रमाण धरिलें, तर या एका मार्गास पावणेपांच लाखांच्या आसपास पूर्वघडित घटक लागतात. स्थानकांतील जादा रूळ, मोऱ्यांच्या चौकोनी पेट्या आणि पुलांच्या तुळया निराळ्याच. शकुंतलेचा मार्ग घालतांना ज्या वस्तूचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें, तीवर तिच्या धाकट्या बहिणीचा सारा भार पडला आहे. इतका मोठा बदल एका शतकांत व्हावा आणि त्याची नोंद इतिहासांत कोठेंहि नसावी, हें आम्हांस विचित्र वाटतें.

५

नळा, खांब व स्लीपर यांत यश आलें म्हणून घरांतहि तें येईल, असें अनेकांस वाटलें. येथें इतिहास मात्र सावधगिरीचा इशारा देतो.

स्वातंत्र्य मिळतांच निर्वासितांच्या व मजुरांच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हां हिंदुस्थान सरकारनें दिल्लीस जंगपुरा येथें घरांचा कारखाना काढला. स्वस्त घरें यंत्रांतून निघावींत असा हेतु होता. परंतु भिंतींचे फलक अपेक्षेप्रमाणें टिकले नाहींत व घरें करण्याचें काम थांबवावें लागलें. पुढें १९५३ सालीं त्याची हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी ही कंपनी झाली, व १९७८ पासून ती हिंदुस्थान प्रीफॅब या नांवानें चालली. घर जमलें नाहीं तेथें खांब व स्लीपर जमले, हें या कारखान्याचेंहि चरित्र आहे.

महाराष्ट्रांत या विद्येस घराच्या कामीं जें यश आलें त्याचें श्रेय मुख्यत्वें बाबुराव गोविंदराव शिर्के यांस द्यावें लागतें. वाईजवळील पसरणी गांवचे हे गृहस्थ पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडले व १९४४ सालीं त्यांनीं स्वतःचा व्यवसाय मांडला. मूळ स्वीडनमधील सिपोरेक्स नांवाचें सच्छिद्र, हलकें काँक्रीट त्यांनीं १९७२ सालीं पुण्यास तयार करण्यास आरंभ केला, आणि तयार खांब, तयार तुळया व हलके तयार फलक यांची सांगड घालणारी पद्धति रूढ केली. पुण्याजवळील बालेवाडीचें क्रीडासंकुल १९९४ सालीं त्यांनीं अल्पावधींत उभें केलें. २००३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली व २०१० सालीं ते निवर्तले.

परंतु याच काळांत पृथ्वीच्या पाठीवर दोन अनर्थ घडले, आणि दोन्ही सांध्यांशीं निगडित होते. १६ मे १९६८ रोजीं लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली, तयार फलकांच्या इमारतींत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत बाहेर उडाली. तिच्यावर टेकलेला वरचा फलक पडला, आणि पत्त्यांच्या घराप्रमाणें इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढांसळला. चार माणसें दगावलीं. फलक बळकट होते. त्यांस एकमेकांशीं बांधणारा सांधा दुबळा होता. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपांत कच्छमधील तयार घटकांच्या कित्येक शाळा कोसळल्या, त्यांच्या तपासणींतहि हाच दोष निघाला. सुदैवानें तो दिवस प्रजासत्ताकाच्या सुटीचा होता व मुलें वर्गांत बसलेलीं नव्हतीं. हें वाक्य लिहितांना लेखणी थांबते. पुढें २०१० सालीं पूर्वघडित काँक्रीटच्या बांधणीसाठीं १५९१६ क्रमांकाचें भारतीय मानक निघालें, व त्यांत सांध्यांचा विचार केलेला आहे.

येथें हेमाडपंती पाथरवटाची आठवण होते. त्याचा घटक दुबळा, पण सांधा विचारपूर्वक केलेला. आजचा घटक बळकट, पण सांधा पुष्कळदां दुसऱ्याच्या माथीं मारलेला. घटक करणारा एक, वाहून नेणारा दुसरा, जोडणारा तिसरा. काम तिघांत वांटलें गेलें कीं जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं. आमच्या मतें या उद्योगाचा खरा प्रश्न येथेंच आहे.

६

आतां पुनः यवतमाळाकडे वळूं. या जिल्ह्यांत कच्च्या मालाची वाण नाहीं. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यांत घुग्घूस येथें १९७० च्या सुमारास व त्यानंतर गडचांदूर-आवारपूर भागांत सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. खुद्द यवतमाळ जिल्ह्यांत, झरी-जामणी तालुक्यांतील मुकुटबन येथें, वर्षाला ३९ लाख टन शक्तीचा कारखाना २०२२ सालीं चालूं झाला. ज्या चुनखडीनें राजूरच्या भट्ट्या चालविल्या, तिच्याच शेजारच्या थरांतून आतां सिमेंट निघतें. खडीसाठीं कातळ सर्वत्र आहे.

असें असतांहि येथें तयार काँक्रीटचीं घरें फारशीं दिसत नाहींत, याचीं कारणें उघड आहेत. जड फलक उचलण्यास क्रेन लागते. ती लहान गांवीं नेणें परवडत नाहीं. एकाच साच्यांतून शेंकडों घटक निघाले तरच साचा परवडतो. आणि आमच्या गांवांत प्रत्येक घराचा जोता, दार व परसू निराळें. घर एकदम बांधलें जात नाहीं; यंदा कापूस बरा पिकला तर एक खोली, पुढल्या साली दुसरी, अशी त्याची वाढ होते. साच्यास वाट पाहतां येत नाहीं. शेतकऱ्यास मात्र वाट पाहण्यावांचून गति नाहीं. शिवाय काळी जमीन आहेच. तयार कुंपणाच्या रांगा दोन पावसाळ्यांनंतर कशा कलतात, तें हमरस्त्यानें जातां जातां कोणासहि दिसेल. दोष खांबाचा नव्हे. खालच्या जमिनीची दखल न घेतां वरचाही घटक टिकत नाहीं, हें जुन्या गवंड्यास ठाऊक असलेलें तत्त्व नव्या विक्रेत्यास विसर पडलेलें आहे.

कारागिरांची स्थितीहि विचारांत घेतली पाहिजे. वडार, बेलदार, पाथरवट व गवंडी यांचें कसब जागेवर, ऊन्ह-पावसांत व घरधन्याच्या डोळ्यांदेखत चाले. घरधनी त्याचें नांव जाणे व काम बिघडलें तर त्याच्याच दारीं जाई. आवारांत साचे भरणाऱ्या मजुराचें काम अधिक सम व नियमित असेल, त्यास सावलीहि लाभत असेल. परंतु आपला नळा कोणत्या ओढ्यावर बसला हें त्यास कधींहि कळत नाहीं. ही हानि पैशांत मोजतां येत नाहीं, म्हणून ती नाहीं असें मात्र नव्हे. जुनें परत आणावें असें आमचें म्हणणें नाहीं. पावसाळ्यांत तुटणाऱ्या गांवास नळ्याची मोरी हें वरदानच होय, व ज्या आईस बाळंतपणासाठीं तालुक्यास जावयाचें असतें तिला कमानीच्या सौंदर्याची चर्चा कामाची नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, घटकाबरोबर सांध्याचाहि कोणी धनी असला पाहिजे.

७

शेवटीं संशोधकांस विनंति. या विषयाचीं साधनें कागदांत थोडीं व जमिनींत पुष्कळ आहेत. जुन्या नळ्यांवर पुष्कळदां निर्मात्याची खूण व साल उमटविलेलें असतें; शिलालेखाचा ठसा घ्यावा त्या काळजीनें त्यांचे ठसे घेतले पाहिजेत. रस्ते रुंद होत आहेत, जुन्या मोऱ्या उखडून टाकल्या जात आहेत, आणि त्या खुणा खडीच्या यंत्रांत जात आहेत. लोकल बोर्डांचीं व बांधकाम खात्याचीं जुनीं मापपुस्तकें रद्दींत जाण्यापूर्वीं पाहिलीं पाहिजेत. घाणीचा चुना ज्यांनीं हातानें लावला असे वृद्ध गवंडी अजून क्वचित् भेटतात. त्यांच्या तोंडचे शब्द, मापें व युक्त्या टिपून ठेविल्या पाहिजेत. हें काम एका व्यक्तीचें नव्हे. प्रत्येक तालुक्यांतून एकेका अभ्यासकानें आपल्या गांवची एक मोरी व एक विहीर जरी नोंदविली, तरी जिल्ह्याच्या बांधकामाचा इतिहास लिहिण्याइतकें साहित्य जमेल. तसें जमल्यास आमच्या या अपुऱ्या टिपणांतील चुका दुरुस्त होतील, व त्यांत आम्हांस आनंदच वाटेल.